डबीतला अंगठा

फोन आला तेव्हा मी वाणगावच्या शाळेत सातवीच्या वर्गावर होते, हातात खडू तसाच. नवरा, महेश, एवढंच म्हणाला, "बाबा गेले." माझे सासरे. आणि माझ्या मनात पहिला विचार काय यावा? आता खडू कुणासाठी न्यायचे! माणसाचं मन कधी कुठे धावेल, काही नेम नाही.

त्या खडूंचं सांगायलाच हवं. बाबा तारापूरच्या किनाऱ्यावरचे. तरुणपणी होडीवर, पुढे बोईसरच्या कारखान्यात फिटर. होडीवर दोर आवळताना उजवा अंगठा चिरला, त्याचा तिरपा वण जन्मभर राहिला. नाद एकच, कुठल्या ना कुठल्या प्रसंगाच्या स्मरणार्थ सरकारनं काढलेली चांदीची नाणी. कुणी असं नाणं सोनाराकडे मोडीत घालायला निघालं की बाबा तिथे हजर. धरायचे ते कडेनं, दोन बोटांत. छापावर बोट टेकवणं म्हणजे पाप. आमच्या हवेत समुद्राचा खार, वर कारखान्यांचा धूर, त्यामुळे चांदी बघता बघता काळवंडते. म्हणून प्रत्येक डबीत खडूचा तुकडा, तो ओल ओढून घेतो.

मी माकुणसारची. माझ्या माहेरी लक्ष्मीपूजनाला चांदीचं नाणं ताम्हनात ठेवून त्याला हळदकुंकू वाहतात. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी मोठ्या हौसेनं बाबांच्या कपाटातलं सगळ्यात चकचकीत नाणं काढलं, कणसं कोरलेलं, दहा रुपयांचं. हळदकुंकवानं भरलेला अंगठा त्यावर चांगला दाबून टेकवला... बाबांनी पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला. मी घाबरून म्हटलं, "चिंचेनं घासून देते, बाबा."

"नाय. घासलं का नाणं मरतं. असूंदे तसंच."

एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी कपाटाला कुलूप लागलं, आणि माझा अंगठा आधी तपकिरी, मग काळा होत त्या नाण्यावर कायमचा उमटला. पुढची वीस वर्षं नाण्यांबद्दल आमच्यात एकच वाक्य होतं, "सूनबाय, शाळेतून खडू आण गो." मी मुकाट्यानं आणायचे. त्यांनी मला माफ केलं का, हे विचारायची हिंमत शेवटपर्यंत झाली नाही.

जाण्याआधी चार दिवस, दुपारी, त्यांनी उशाखालची चावी माझ्या हातात दिली. "कणसांचं नाणं काढ." मी डबी त्यांच्याजवळ ठेवली आणि पेज गरम करायला आत गेले. परत आले तर डबी बंद, बाबा डोळे मिटून पडलेले. ते नेहमी घालायचे तसा नवा खडू घालायला गेले, तर त्यांनी माझं मनगट धरलं. हात गार पडला होता.

"आता खडू घालू नको. चांदी काय इसरत नाय गो. तिला जरा टाइम लागतो."

मला वाटलं, ग्लानीत बरळतायत.

तेराव्यानंतर डबी उघडली. नाण्यावर माझाच जुना डाग, दुसरं काही नाही. आठवड्यानं पाहिलं तर डागाशेजारी धुरकट सावली. त्याच्या पुढच्या आठवड्यात त्या सावलीत रेषा आल्या. महेशला दाखवलं. तो म्हणाला, "अगं, हाताचा घाम असतो तो. चांदीवर उशिरा चढतो." पटलं. तरी त्या खोलीत भर दिवसा एकटीनं जायला मी घाबरू लागले. भिंतीवर फोटोला हार चढला होता आणि खाली कपाटात त्या माणसाचा अंगठा दिवसेंदिवस ठळक होत होता. काल रेषांच्या मधून जाणारी तिरपी फट दिसली. होडीवरचा वण.

ज्या माणसानं जन्मात एकाही नाण्याच्या छापाला बोट लावलं नाही, त्यानं माझ्या डागाला अगदी लागून, मुद्दाम, आपला अंगठा दाबला होता. मी कपाटासमोर फरशीवर बसून खूप रडले.

आज शाळेतून निघताना सवयीनं दोन खडू पर्समध्ये पडलेच. घरी येऊन डबी उघडली, पाहिलं आणि झाकण लावलं. खडू बाहेरच राहिले. बाबा अजून पुरते उमटायचे आहेत.