तिसरी हाक

बातमी आली तेव्हा मी ऑफिसात कॉलवर होतो. मोबाइलवर सुधीरचं नाव आलं, मी कट केला. पुन्हा आलं, तेव्हा बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन उचलला. तो म्हणाला, "प्रशांत, रेखा गेली." मी म्हटलं, "कुठे?" …खरंच असं विचारलं मी. रेखावहिनी सकाळी ओट्यापाशी उभ्या होत्या, डोकं दुखतंय म्हणाल्या, खाली बसल्या, आणि हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली म्हणे. "येतो," म्हटलं, आणि आत जाऊन कॉल पुरा केला. माझे दोन मुद्दे राहिले होते, तेही मांडले. का, ते आजही सांगता येत नाही.

त्यानंतरचं सगळं मी नीट केलं. फ्युनरल होममधल्या गालिच्यावर बूट काढून उभा राहिलो, आमच्यातल्याच एकानं छापील कागदावरून मंत्र म्हटले, ते ऐकले. सुधीरला अस्थी घेऊन पुण्याला जायचं होतं, त्याला विमानतळावर सोडलं. घराची किल्ली माझ्याकडे राहिली. रोज ऑफिसातून येताना त्यांच्या तुळशीला पाणी घालायचो आणि निघायचो. रडू वगैरे आलं नाही. भूक लागायची, झोप यायची. डेंटिस्टनं अर्धं तोंड बधिर केल्यावर गाल आपलाच असून आपला वाटत नाही ना, तसं अंगभर. मला माझीच चीड येत होती. कसला माणूस आहेस बे तू, असं आरशाला विचारलंही एकदा.

रेखावहिनी म्हणजे सुधीरची बायको. सुधीर पुण्याचा, मी नागपूरचा. २००१ साली आम्ही दोघं एकाच कंपनीत लागलो आणि अमेरिकेत, कॅरी गावात एका अपार्टमेंटमध्ये राहायला लागलो. पुढल्या वर्षी तो लग्न करून वहिनींना घेऊन आला, मी शेजारच्या बिल्डिंगमध्ये हललो. पण रविवारचं जेवण त्यांच्याकडेच. वहिनी पुण्यात बँकेत होत्या, काउंटरवर बसून दिवसभर माणसं हाताळणाऱ्या. इथं आल्या त्या नवऱ्याच्या व्हिसावर, आणि त्या व्हिसावर नोकरी करायची परवानगी नाही. "मी म्हणजे सुधीरच्या सामानातली एक बॅग आहे," म्हणायच्या. "वजन करून आत घेतली, आता कोपऱ्यात ठेवलीय." हसून म्हणायच्या, पण सुधीरचा चेहरा उतरायचा.

त्या रविवारच्या जेवणाबद्दल सांगायला हवं. मी आणि सुधीर सोफ्यावर आडवे, टीव्हीवर क्रिकेट. वहिनी आतून स्टीलच्या ताटावर पळी वाजवायच्या आणि ओरडायच्या, "पानं घेतली!" आम्ही ढिम्म. मराठी घरात पहिल्या हाकेला उठलाय कोण कधी? थोड्या वेळानं दुसरी, "पानं घेतलीत रे, चला!" सुधीर "आलो, आलो" म्हणून कूस बदलायचा. मग तिसरी. पळी दणकन ताटावर, आणि आवाज थेट शनिवारवाड्यापर्यंत जाईल असा, "उठताय का आता, की झाकून ठेवू? वरणाचा गोळा झाला!" मग आम्ही कुरकुरत, आळोखेपिळोखे देत उठायचो. वरण गार झालेलंच असायचं, आणि गार वरण का वाढलं म्हणून आम्हीच वर नाक मुरडायचो. पुढे पुढे मला संशय येऊ लागला की बाईसाहेब पहिली हाक पानं घ्यायच्या आधीच मारतात. विचारलं तर म्हणाल्या, "मग? तुम्हाला ओळखत नाही की काय मी?"

कॅरीपासून तासाभरावर, पाइनच्या जंगलात, आफ्रिकेतल्या वन्यप्राण्यांचं एक अभयारण्य आहे. नाव मोठं, पण आत असतात ती म्हातारी, टाकून दिलेली जनावरं. सर्कशीतून काढलेले सिंह, कोणा श्रीमंतानं हौसेनं पाळलेला आणि झेपेना म्हणून सोडलेला बिबट्या, लांब पायांची दोन रानमांजरं. काम करणारे बहुतेक सगळे बिनपगारी. त्याची जाहिरात वहिनींनी लायब्ररीच्या फळ्यावर वाचली आणि रविवारी जेवताना जाहीर केलं, "मी सिंह सांभाळणार." सुधीरला ठसका लागला. अंडंसुद्धा न शिवणारी बाई! मी म्हटलं, "वहिनी, तिथं काय वरणभात घालतात का?" "पगार घ्यायला बंदी आहे भावजी," त्या म्हणाल्या, "काम करायला थोडीच आहे?"

वहिनींना तेव्हा गाडी येत नव्हती आणि सुधीर शनिवारी दुपारपर्यंत झोपायचा. म्हणून नेऊन सोडायचं माझ्या गळ्यात पडलं. पहिल्या दिवशी त्यांनी बादल्या भरभरून कोंबड्या तोडल्या. घरी जाऊन डोक्यावरून आंघोळ केली आणि नुसता दहीभात खाल्ला. मला वाटलं, उतरलं भूत. पुढच्या शनिवारी सकाळी फोन, "भावजी, निघालात का?" मी बाहेर पार्किंगमध्येच बसून राहायचो. मी कुत्र्याला घाबरतो, सिंहाचं काय घेऊन बसलात! आत कुठेतरी डरकाळी झाली की गाडीची काच थरथरायची, आणि मी रेडिओ मोठा करायचो. शेवटी वहिनींनीच लायसन्स काढलं. बाकीच्या बायका मुलांच्या शाळेसाठी गाडी शिकतात, आमच्या वहिनी सिंहासाठी शिकल्या.

त्यांचा सिंह म्हणजे ड्यूक. बाहेर पाटी 'आफ्रिकन सिंह' अशी, पण जन्म ओहायोचा; आफ्रिका त्याच्या बापानंही पाहिली नसेल. रस्त्यालगतच्या कुठल्याशा तमाशात लोकांबरोबर फोटो काढून घेण्यात त्याची जवानी गेली. "काम करायचं नाही, परत जायची सोय नाही," वहिनी म्हणायच्या, "माझ्याच व्हिसावर आलाय मेला." हात लावायला तिथं सक्त मनाई होती. पाच वर्षांत वहिनींनी त्याला एकदाही शिवलं नाही. काम असायचं ते असं: त्याला मोठ्या आवारातून छोट्या पिंजऱ्यात बोलवायचं, तो आला की मधला दरवाजा खाली सोडायचा, मग आवार साफ करायचं, औषधपाणी बघायचं. ओढून आणता येत नाही. यायचं की नाही हे तोच ठरवणार. दरवाजा पडला, कुलूप लागलं की मोठ्यानं "लॉक्ड!" म्हणायचं आणि दुसऱ्यानं ते तपासून पुन्हा "लॉक्ड!" म्हणायचं, असा तिथला नियम. वहिनींनी तो घरीही आणला. सिनेमाला निघताना घराला कुलूप घालून त्या ओरडायच्या, "लॉक्ड!" आणि गाडीत बसलेल्या सुधीरनं जाऊन कडी ओढून बघितल्याशिवाय गाडी हलायची नाही. शेजारी काय म्हणत असतील, देव जाणे.

…सुधीर पुण्यात असताना मला डोनाचा फोन आला. डोना ही तिथली मुख्य, साठी उलटलेली, पार्किंगमध्ये मला कॉफी आणून देणारी. म्हणाली, रेखा गेल्यापासून ड्यूक छोट्या पिंजऱ्यात येत नाही. खाणं आवारात टाकावं लागतं, तेही अर्धं उरतं. आणि आता त्याचं एक नख वाढून, वळून पंजाच्या गादीत घुसलंय. तो पिंजऱ्यात आला तर बाजूची भिंत सरकवून जागेवर धरता येतं आणि गजांतून नख कापता येतं. नाही आला, तर लांबून भुलीचं इंजेक्शन मारावं लागेल, आणि डॉक्टर म्हणतात, या वयात तो त्यातून उठेलच असं नाही. "ती त्याला काहीतरी म्हणायची," डोना म्हणाली. "तुमच्या भाषेत. बरंच लांब, आणि शेवटी रागावल्यासारखं. आम्ही हसायचो नुसते. शिकून घेतलं नाही कुणी. डॉक्टर शुक्रवारी येताहेत."

मी सुधीरला फोन लावला. "मला काय माहीत यार," तो म्हणाला. "मी कधी गेलोच नाही आत." मग म्हणाला, "…प्रशांत, तो मरता कामा नये रे. या देशात तिचं स्वतःचं म्हणून तेवढंच होतं. बाकी सगळं माझं होतं." त्या दिवसांत त्याला रडताना मी पहिल्यांदा ऐकलं. मी मात्र कोरडाच. "बघतो," म्हटलं.

शुक्रवारी सुट्टी टाकून गेलो. पहिल्यांदाच आत. ओल्या घोंगडीचा आणि त्यावर लघवीचा उग्र वास. ड्यूक आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला, लाकडी फळ्यांच्या माचाखाली पडून पंजा चाटत होता. आयाळ विटलेली, बरगड्या दिसत होत्या. डॉक्टर बंदुकीची पेटी घेऊन ट्रकपाशी उभे. पिंजऱ्यात मांस ठेवलेलं. डोना मला म्हणाली, "बोल." काय बोलू? जाळीपाशी उभा राहून मी म्हटलं, "ये. ये, ड्यूक, ये." मांजराला बोलवतात तसं जिभेनं चुकचुक केलं. मग "चल बे, ऊठ," म्हटलं. मग "या हो महाराज," म्हणून पाहिलं. त्यानं कानसुद्धा हलवला नाही. डॉक्टरांनी पेटी उघडली. मी डोनाला सॉरी म्हणालो. तेव्हासुद्धा आत काही हललं नाही माझ्या, खरं सांगतो. इतकंच वाटलं की आता सुधीरला फोन करावा लागणार.

"थांब," डोना म्हणाली, आणि शेडमधून वहिनींचं खोकं घेऊन आली. हवं तर घरी ने म्हणाली. गमबूट, हातमोजे, केसांचा चाप… आणि तळाशी एक स्टीलचं ताट आणि पळी. ताटाचा काठ ठोकून ठोकून चेपलेला. मागे नाव घातलेलं, 'चि. सौ. कां. रेखा हिस आत्याकडून'. लग्नातल्या सहा ताटांपैकी एक घरात कमी होतं. सुधीर अधूनमधून विचारायचा, सहावं कुठे गेलं? वहिनी म्हणायच्या, "आहे एका जेवणाऱ्याकडे." आम्हाला वाटायचं, कुणाकडे तरी फराळ घालून ताट गेलं असेल, आलं नसेल परत. कप्पाळ आमचं!

मी पळी उचलली आणि काठावर वाजवली. "पानं घेतली!" माझाच आवाज मला परका वाटला. पलीकडे चाटणं थांबलं. एक कान वळला. बस्स, तेवढंच. डोनानं माझा दंड धरला, पण मला आता घाई नव्हती. पहिल्या हाकेला कोण उठतं? थोडा वेळ जाऊ दिला. "पानं घेतलीत रे, चला!" त्यानं डोकं वर केलं, जांभई दिली आणि पुन्हा पंजांवर ठेवलं. अगदी सुधीर. मग मी होता नव्हता तो सगळा जोर काढून पळी हाणली आणि ओरडलो, "उठताय का आता, की झाकून ठेवू? वरणाचा गोळा झाला!"

ड्यूक उठला. आधी पुढचे पाय ताणले, मग मागचे. घशात गुरगुर, म्हणजे कुरकुरच. लंगडत, मुळीच घाई न करता, तो सगळं आवार ओलांडून आला आणि पिंजऱ्यात शिरला. डोनानं दरवाजा सोडला. "लॉक्ड!" ती ओरडली. कुणीतरी उलट म्हणायला हवं होतं आणि कुणी म्हणेना, म्हणून मी कुलूप ओढून बघितलं आणि म्हटलं, "लॉक्ड." ड्यूकनं मांसाला तोंड लावलं नाही. त्यानं ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मग मान वाकडी करून माझ्या मागे पाहत राहिला. मीही वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. वहिनी गेल्या, हे मला तेव्हा कळलं. ताट खाली ठेवलं आणि तिथेच मातीत बसलो. रडलो असं नाही.

नख निघालं, पू निघाला, पंजा भरून येतोय. ताट मी घरी आणलं नाही, पिंजऱ्याशेजारी खिळ्याला अडकवून ठेवलंय. डोनाला हाका शिकवायचा प्रयत्न चालू आहे, पण तिसरी तिला रागानं म्हणताच येत नाही. त्यामुळे शनिवारी मीच जातो. ड्यूक अजूनही तिसऱ्याच हाकेला उठतो. पहिल्या दोन हाकांना हलत नाही, हरामखोर.

सुधीर परत आला आहे. रविवारी मी त्याच्याकडे जातो. भात तो लावतो, वरणाला फोडणी मी घालतो. वहिनींच्या पाच ताटांतली दोन काढतो, वाढतो, आणि आतून एकदाच म्हणतो, "पानं घेतली." म्हणून वळतो तर सुधीर टेबलाशी येऊन बसलेला असतो. क्रिकेट चालू असलं तरी. आम्ही दोघं जेवायला लागतो. वरण इतकं गरम असतं की जीभ भाजते.