उंबरापाशी पाणी

आमच्या मामांसारखा गिर्यारोहक अख्ख्या तंजावुरात झाला नाही, आणि मामा आयुष्यात एकही डोंगर चढले नव्हते. त्यात त्यांचा काही दोष नव्हता. आमच्याकडे डोंगरच नाही. नजर जाईल तिथवर भात, कालवे आणि नारळ. खणलं तर चिखल, आणखी खणलं तर आणखी चिखल. या सपाटीचा मामांना वैयक्तिक राग होता. आमचं घराणं मूळचं महाराष्ट्रातल्या एका नदीकाठच्या सुळक्याखालचं. ज्वालामुखीचा रस थिजून झालेला तो काळा कातळ, आणि त्याच्या माथ्यावर आमची देवी. पूर्वज राजांच्या मागोमाग इकडे आले ते इथलेच झाले. "आपण आगींतले गे," तिण्णैवर, म्हणजे दारच्या ओट्यावर बसून मामा मला सांगायचे, "चिखलांत येऊन पडलों." हे सांगताना हातात फिल्टर कॉफी असायची, आणि चिखलातल्या तांदळाचा भात त्यांना तिन्ही वेळा लागायचा.

देवीला जाणं होत नाही म्हणून आमच्या घरात एक रीत पडली होती. नवरात्रातल्या अष्टमीला घरातल्या थोरल्यानं देवीपर्यंतची वाट तोंडपाठ म्हणायची आणि बाकीच्यांनी डोळे मिटून मनानं ती चढायची. वर पोचल्याशिवाय जेवण नाही. नदी उजव्या हाताला ठेव. काळ्या दगडाला पाय लागला की बोलूं नको. उंबराशी थांब, पाणी पी. मग खोदीव पायऱ्या, मग घळ, मग वारा, मग देवी. आम्हा भावंडांना मराठी वाचता येत नाही, पण वाट पाठ आहे. दुसरा कुणी असता तर घटकेत माथ्यावर पोचला असता. मामा मात्र चढावर खरोखर धापा टाकायचे. पाटावर मांडी घालून बसलेला माणूस घामाघूम व्हायचा. उंबराशी तर ते इतके थांबायचे की स्वयंपाकघरात भात गार व्हायचा. पाण्याचा तांब्या सगळ्यांत फिरला की स्वारी पुढं निघायची, आणि देवीशी पोचल्यावर मामा डोळे उघडून म्हणायचे, "वाढा." एकदा माझा भाऊ नेमका उंबराशी असताना फोन घ्यायला उठून गेला. मामांनी त्याला परत बसवलं आणि आम्हा सगळ्यांना पुन्हा नदीपासून चढवलं. मामी चिडली, तेव्हा मामा शांतपणे म्हणाले, "त्याला उंबराखालीं एकटा ठेवून आपण कसें जेवायचें?"

मामा निवृत्त झाल्यावर मी त्यांना फोनवर त्या सुळक्याचा व्हिडिओ दाखवला. पुण्याकडची काही मुलं आरडाओरडा करत चढत होती. दगडांवर रंगवलेले बाण पाहून मामा संतापले. वाट पाठ करायची सोडून ही रंगरंगोटी कशाला, असं त्यांचं म्हणणं. मग एका वळणावर उंबर आला. मामांनी फोन माझ्या हातातून काढून घेतला. "आहे," एवढंच म्हणाले आणि रडायला लागले. तेव्हापासून त्यांना मरायच्या आधी एकदा ती वाट आपल्या पायांनी चढायची होती. वेष्टीखाली, म्हणजे आमच्याकडच्या धोतराखाली, जाडजूड बूट आणि पाठीवर तांदळाची पिशवी अशा थाटात ते रोज पहाटे रेल्वेवरचा उड्डाणपूल चढू लागले, कारण त्याहून उंच जायला आमच्या गावात रस्ता नाही. मोपेडवाले थांबून, कुठं सोडू का, म्हणून विचारायचे. देवळात गेले की बुटांच्या नाड्या सोडेपर्यंत आतली आरती संपायची. हृदय निम्मंच काम करतंय असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मामांनी एवढंच विचारलं की निम्म्या हृदयानं किती उंच जाता येतं. डॉक्टरांनी पहिल्या मजल्यापर्यंत परवानगी दिली. मामांनी दोघांची तिकिटं काढली, त्यांचं आणि माझं, आणि निघायच्या आधल्या आठवड्यात पुलाच्या माथ्यावर छाती धरून खाली बसले.

दवाखान्याच्या खिडकीतूनही भातशेतंच दिसत होती. बूट खाटेखाली ठेवले होते, कारण ते घरी न्यायला मामांनी मनाई केली होती. अष्टमी अजून लांब होती, तरी एका दुपारी त्यांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला आणि वाट म्हणायला घेतली. आम्ही सवयीनं डोळे मिटले. नदी झाली, काळा दगड झाला. "उंबराशी थांब, पाणी पी," मामा म्हणाले आणि थांबले. आम्हीही थांबलो. मामीनं भांडं भरलं, आम्ही सगळे आळीपाळीनं घोटभर पाणी प्यालो. इथं मामा नेहमीच फार वेळ लावायचे, म्हणून कुणी काही बोललं नाही. शेवटी मामी भांडं त्यांच्या ओठांशी घेऊन गेली, तेव्हा तिच्या ध्यानात आलं.

भावानं हंबरडा फोडला. मामीनं त्याला हातानं गप्प केलं. तिचा तेव्हाचा चेहरा मला आजही आठवणीत बघवत नाही. "आधीं ह्यांना वर ने गे," ती मला म्हणाली, "इथें ठेवून जायचें नाहीं."

मी मामांच्या कानाशी वाकले. खोदीव पायऱ्या म्हटल्या, घळ म्हटली. मला खरोखरच धाप लागली. वारा म्हटला, देवी म्हटली, आणि डोळे उघडले. यापुढचं "वाढा" नेहमी मामाच म्हणायचे.