ब्रेक का गेले

भिवा मोहिते एके काळी ट्रक चालवायचा. नव्याण्णव साली आंबा घाट उतरताना त्याचा गुळाचा ट्रक उलटला, क्लिनर सदूचा पाय गुडघ्यापासून गेला, आणि त्या दिवसापासून भिवानं स्टिअरिंगला हात लावला नाही. पोलिसांना, बायकोला, सगळ्यांना त्यानं एकच सांगितलं, ब्रेक अचानक गेले. मग काय, घरात सहा वर्षं ट्रकमालकाच्या नावानं खडे फुटत होते. मेल्याला गाडीची डागडुजी नको करायला! सगळ्यात जास्त तोंड सुटायचं ते लेकीचं, तेजलचं.

ही तेजल कॉम्प्युटर शिकली आणि रत्नागिरीत घरी बसून तिनं ट्रक चालवायचा खेळ बनवला. घाट अगदी हुबेहूब. वळणं तीच, उतार तोच. बापाचं दुःखही तिनं त्यात घातलं, म्हणजे उतारावर ब्रेक कुणाचेही, कधीही जायचे. पुण्याच्या एका कंपनीनं सीडी विकायला घेतली आणि महिन्याभरात खेळणाऱ्यांची बोंब सुरू झाली. म्हणे खरी गाडी चालवल्यासारखं वाटेल म्हणता, मग ब्रेक विनाकारण कसे जातात? कंपनीनं कळवलं, सोमवारपर्यंत पहिला अपडेट द्या. ब्रेक जायचं कारण दाखवा, नाहीतर घाट काढून टाका.

तेजलचं डोकंच फिरलं. रविवारी जेवणं उरकताच तिनं खेळाचं स्टिअरिंग आणि गिअरचा दांडा टेबलाला आवळला, खाली पेडलं ठेवली आणि भिवाला पुढ्यात बसवलं.

"आबा, एकदा उतरवून दाखवा. कुठं काय होतं ते मला लिहायचंय."

"नको गो बाय. अंग कापतं माझं."

"मग लोक म्हणतील, ब्रेक असे जातच नाहीत. म्हणजे तुम्ही खोटे!"

भिवा बसला. ब्रेक आपोआप जायचा भाग तेजलनं तेवढ्यापुरता काढून ठेवला होता. पहिली तीन वळणं त्यानं दुसऱ्या गिअरमध्ये अशी काढली की तेजलचा ऊर भरून आला. चौथ्यानंतर सरळ उतार लागला. भिवाचा डावा हात सवयीनं दांड्यावर गेला आणि गिअर निघाला. इंजिनाचा आवाज बसला, काटा सत्तरवर गेला. त्यानं ब्रेकवर पाय दाबला, परत दाबला, आणि गाडी वळणाच्या तोंडाशी गुमान थांबली.

"थांबली!" तेजल ओरडली.

"थांबली कशी?" भिवा तडकला. "साफ चूक आहे हे! न्यूट्रलला सोडल्यावर भरलेली गाडी दोन वळणांत ब्रेकचे लायनर जाळते. ती थांबत नाही."

भिवानं स्टिअरिंग सोडलं.

"तुम्ही न्यूट्रलला सोडली होती?" तेजलनं विचारलं.

"गाडी पळायची, डिझेल वाचायचं. सगळेच सोडायचे."

"आणि आम्ही सहा वर्षं त्या माणसाला शिव्या घालतोय! लाज नाही वाटली, आबा?"

"रोज वाटली."

रागातच ती लिहायला बसली. भिवा एकेक सांगत गेला. आधी जळका वास येतो, मग पेडल पोकळ लागतं, मग काहीच लागत नाही. अपडेट तयार झाला. आता गिअरमध्ये उतरणारा खाली पोचत होता आणि न्यूट्रलला सोडणारा दरीत जात होता.

"सदूला माहीत होतं?" तिनं मान वर न करता विचारलं.

"तो ओरडत होता, दादा, गिअर टाका. मी म्हटलं, गप बस, मला शिकवू नको."

"मग पोलिसांना त्यानं काय सांगितलं?"

भिवानं स्टिअरिंग टेबलावरून सोडवायला घेतलं.

"मी सांगितलं तेच," तो म्हणाला. "ब्रेक अचानक गेले."