पांढरा काठ

दस्तगीर गेल्याचं पत्र साताऱ्याला आलं तेव्हा दुकानात एका गिऱ्हाइकाशी पितळी समईवरून माझी घासाघीस चालली होती. पत्र वाचलं, गादीखाली सरकवलं आणि सौदा पुरा केला. मगच सांगलीची गाडी विचारली. दफन होऊन चार दिवस झाले होते... हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझ्याविषयी कुणी भलता समज करून घेणार नाही.

लोणंदच्या बाजारात डोक्यावर पाटी घेऊन मी मोडतोड गोळा करायचो, तेव्हापासूनची आमची ओळख. दस्तगीर सांगलीत चिनी मातीची फुटकी भांडी सांधायचा. ती विद्या तो मुंबईत एका चिनी म्हाताऱ्याकडे शिकला होता. वस्तू हातात आली की आधी डोळे मिटायचा आणि काठावरून बोट फिरवायचा. मग सांगेल ते खरं. त्याच्या शब्दावर मी दुकान उभं केलं आणि सर्वांत जास्त ओरडलो तेही त्याच्यावरच.

साहेब लोक देश सोडून चालले त्या दिवसांत महाबळेश्वरच्या एका बंगल्याच्या लिलावात मला एक फुलदाणी मिळाली. हातभर उंच, नक्षी नाही, चित्र नाही. अंगभर एकच रंग, करवंदाच्या रसासारखा गडद तांबडा. बुडाला निळ्या अक्षरांचा शिक्का. सांगलीला नेली तेव्हा दस्तगीरने डोळे मिटून काठावरून दोनदा बोट फिरवलं.

"आण्णा, ही चिनी बादशहाच्या भट्टीतली हाय."

"काठ बघ की. रंग उडालाय."

"उडाला न्हाई. भट्टीत ही तांबडी झिलई खाली वघळती, काठ पांढरा ऱ्हातो. तीच खरेपणाची खूण. तुमचा हात लय शिवशिवतो, म्हनून सांगतो, काठाला लावू नगा."

पण माल उजळल्याशिवाय मी कधी विकला नव्हता, मग पितळ असो की शिसवी खुर्ची. काठावर तांबड्या लाखेचा पातळ हात दिला आणि मुंबईच्या एका पारशी शेठना दस्तगीरच्याच दुकानात बोलावलं, तो खात्री देईल म्हणून. शेठनी नखाने काठ खरवडला.

"रंग वरून चढवलाय. मिस्त्री, असल्या खोट्या मालाची तुम्ही खात्री देता?"

दस्तगीरने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. तेव्हा मी बोलायला हवं होतं... मी ओरडलो, पेठेतले लोक गोळा होईपर्यंत. "यानंच मला फसवलं. ठेव तुझी बादशाही तुझ्यापाशी." फुलदाणी तिथेच टाकून निघालो. तो गप्प राहिला. पुढे पारख करायला त्याच्याकडे कुणी येईना. कपांचे कान चिकटवत बसायचा म्हणे.

तो गप्प राहिला याचाच राग मी दोन वर्षं बाळगला. मला उघडं पाडलं असतंस तर भांडून मोकळा झालो असतो, असं मनातल्या मनात त्याला सुनावत राहिलो.

पत्रानंतर मी सांगलीला त्याच्या घरी पोचलो, तेव्हा त्याच्या बायकोने, हाजराभाभींनी, ट्रंकेतून फुलदाणी काढली. जुन्या चादरीत गुंडाळलेली. काठ पांढरा.

"स्पिरिटनं पुसली त्यांनी. मी म्हटलं, पेठेत दावा की एकदा. तर म्हनाले, दावली तर आण्णास्नी मान खाली घालावी लागंल. येतील तवा देऊ." त्यांनी चादरीची घडी घातली. "आवं, लय वाट बघितली."

म्हणून हे लिहितो आहे. काठाला रंग मी लावला होता. दस्तगीरची पारख खरी होती. सांगलीच्या पेठेत कुणीतरी हे मोठ्याने वाचून दाखवावं.

फुलदाणी आता माझ्या दुकानात आहे, विकायची नाही. काल एकजण म्हणाला, "काठाचा रंग गेलाय, निम्म्यात द्या." मी डोळे मिटून काठावरून बोट फिरवलं. मागच्या बाजूला नखाएवढी लाख अजून चिकटलेली आहे... दस्तगीरच्या बोटाला ती कळली नसेल, असं होणार नाही; पुसायची त्याने मुद्दामच ठेवली असणार.