पत्र्याच्या ट्रेमधले सेल

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. चौथीनंतर हातात पेन क्वचितच आलं. हे कुणाला दाखवायचं नाही, तरी आधी माफी मागते. माफी मागितल्याशिवाय मला बोलताच येत नाही.

सातिवलीच्या एका गाळ्यात मी चार्जिंगचे दिवे बनवत असे. बाहेरून दिवा कोरा, खोका चकचकीत. आत मात्र जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या फोडून काढलेले सेल. त्यांचं जुनं साल सोलायचं, निळं प्लास्टिक चढवायचं, गरम हवेने घट्ट बसवायचं. चार्ज करून ठेवलेला सेल सकाळी आम्ही बायका गालाला लावून बघायचो. थंड लागला तर चांगला. ऊब राहिली असेल तर कुणीतरी म्हणायचं, "ही सासू निघाली गं, उगीच तापते." मग तो पत्र्याच्या ट्रेमध्ये, भंगारात द्यायला.

आमच्या चाळीत वीज सारखी जाते. शेजारच्या काकींची सून बाळंत होऊन घरी आली तेव्हा काकी म्हणाल्या, "तुझ्या गाळ्यातला एक दिवा आण की. अंधार झाला की बाळ किंचाळतं." शनिवारी सुटताना मी शेठकडून कामगारांच्या भावात एक घेतला. काकींनी लगेच पैसे हातावर ठेवले.

सोमवारी गेले तर पत्र्याचा ट्रे रिकामा.

"भंगारवाला येऊन गेला?" मी शेजारी बसणाऱ्या बाईला विचारलं.

"कुठला भंगारवाला? शनिवारी तू बाहेर खोकी भरत होतीस ना, तेव्हा माल कमी पडत होता. शेठने सगळ्या सासवांना नवी लुगडी नेसवली आणि दिल्या पाठवून!" ती हसायला लागली.

काकींच्या घरातली बाळाची झोळी माझ्या डोळ्यांपुढे आली. शेठकडे सुट्टी मागायला जीभ उचलेना. मी न विचारताच चपला अडकवल्या. "ए, किधर चली?" मागून शेठचा आवाज आला. मी वळले नाही.

काकी उंबऱ्यावर लसूण सोलत होत्या. "आज लवकर? काढून टाकलं की काय?"

त्यांना ओलांडून मी आत शिरले. फळीवर दिवा चार्जिंगला लावलेला, खाली झोळीत बाळ झोपलेलं. मी दिव्याला गाल लावला.

"अगं बये, दिव्याचा मुका घेतेस?"

गाल भाजला. पिन ओढली, दिवा पदरात धरला आणि पळाले. समोर नव्या बिल्डिंगची रेती पडली होती. तिच्यात तो पुरला आणि मागे सरले. काहीच झालं नाही. काकी मागे येऊन उभ्या राहिल्या. "वेड लागलं हिला," त्या म्हणाल्या. आणि रेतीतून फुस्स करून काळा, घशात बसणारा धूर उठला. काकींच्या हातात लसणाची पाकळी तशीच होती.

"असले दिवे करता तुम्ही?"

"सेल जुने असतात. तापणारे वेगळे काढतो. या वेळी काढले नाहीत."

"आणि माझे पैसे?"

पैसे परत मागायला गेले तर शेठ म्हणाला, "जला हुआ माल वापस? बेचा किसने? तूने." न सांगता गेले म्हणून पगारही अडवला. मी परत गेले नाही. बाकीचे दिवे कुणाच्या फळीवर आहेत, कोण जाणे. वीज गेली की अजून माझा हात गालाकडे जातो.

आता घरी बसून खोट्या दागिन्यांना खडे चिकटवते. त्यातून काकींचे पैसे थोडे थोडे देत राहिले. सून दार अर्धं उघडून घ्यायची. काकी माझ्याशी बोलत नव्हत्या.

काल शेवटचे द्यायला गेले तर दार काकींनीच उघडलं. नोटा न मोजता कमरेला खोचल्या आणि माझी हनुवटी धरून गाल उजेडाकडे वळवला.

"डाग राहिला गं. हळद लावायचीस ना."

"लावली होती."

"बरं. फिटले सगळे. ये आत, बाळ बसायला लागलंय."