पातळ हिरडी

ओरुरो या खाणींच्या गावातल्या एका पितळी बँडमध्ये सातुर्निनो चोके बावीस वर्षं ट्रम्पेट वाजवत होता. बायको बासिलिया बाळंतपणात मरता मरता वाचली, तेव्हा त्याने खाणीच्या मारियामातेला नवस केला होता : तीन वर्षं कार्निव्हलच्या मिरवणुकीत तुझ्या देवळापर्यंत वाजवत येईन. दोन झाले. तिसऱ्याला नऊ आठवडे उरले असताना त्याच्या वरच्या पुढच्या दाताचं मूळ उघडं पडलं आणि दात किंचित हलू लागला.

दाताच्या डॉक्टर पिनेदाबाईंनी हिरडीच्या कडेला बारीक सळई सरकवली आणि त्याच्या हाती आरसा दिला. सळईचा करडा रंग हिरडीतून आरपार दिसत होता.

"जाड हिरडी असती तर ही दिसली नसती. तुमची जन्मतःच कांद्याच्या पापुद्र्यासारखी. त्यात वर्षानुवर्षं ट्रम्पेट दाबलंत."

"आमचा बँडमास्तर तीस वर्षं दाबतोय, बाई."

"त्याची हिरडी वेगळी. टाळूच्या कातडीचा तुकडा काढून इथे शिवते. तो रुजला तर वाजवाल. आठ आठवडे ट्रम्पेट नाही, आणि कोकाची पानं चघळायची नाहीत."

तुकडा शिवल्यावर तिसऱ्या दिवशी ठणका सुरू झाला. गोळ्यांनी थांबेना. त्याचा खाणकामगार बाप दाढ दुखली की कोकाची पानं राखेच्या वडीबरोबर दुखऱ्या जागी दाबून ठेवी. सातुर्निनोनेही ओठाखाली तसाच बोळा ठेवला. जागा बधिर झाली. मग चार दिवस तेच.

बासिलियाने ओठ पाहिला. "बाईंनी नको म्हटलं होतं ना?"

"चघळतोय कुठं? नुसती ठेवलीत."

"शहाणाच आहेस! वड्या थापताना त्या राखेनं माझ्या बोटांची सालटं निघतात, नि तू ती टाक्यांवर ठेवतोस?"

त्याने बोळा काढला नाही. ठणका परत येईल याची त्याला भीती वाटत होती.

दहाव्या दिवशी शिवलेला तुकडा काळा पडला होता. आजूबाजूची हिरडीही जळाली होती, आत पू. पिनेदाबाईंना कोकाचा वास आला; त्यांनी जळालेला भाग कापून काढायला घेतला. पुढच्या आठवड्यात दात काढावा लागला. शेजारचाही राहिला नाही.

बँडमास्तराने त्याला रांगेतून काढलं नाही. "ओठाला लावून चाल. गर्दीत कुणाला कळतंय?"

कार्निव्हलच्या दिवशी सातुर्निनो देवळापर्यंत तसाच चालला. बोटं कळांवर बरोबर पडत होती. फुंकलं की खिंडारातून नुसती हवा जाई, म्हणून त्याने फुंकणंही सोडलं. देवळाच्या दारात बासिलिया लेकीला कडेवर घेऊन उभी होती.

"झाला का रे नवस पुरा?" तिने विचारलं.

त्याने ट्रम्पेट खाली केलं. "नुसता चाललो," तो खिंडारावर हात धरून म्हणाला.