चार डब्यांचे चार आकडे

आमच्या वहिनी नारायणगावजवळ टोमॅटोच्या रोपांची नर्सरी चालवतात. तिथे एका डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, वहिनी धरून चौघा शेतकऱ्यांच्या विहिरींवरच्या मोटरी. वीज आली की त्या आपोआप सुरू करणाऱ्या चार डब्यांचा प्रोग्रॅम वहिनींनी मोबाइलवर बघून बघून लिहिलेला. मी पुण्यात कंपनीत हेच काम करतो, म्हणून सुट्टीत आल्यावर तो बघायला मागितला. खरं तर चुका काढायला.

एकच मजकूर चारदा उतरवलेला, फक्त थांबायची मिनिटं वेगळी: दोन, सात, बारा, सतरा. आमच्यात अशा कोडला वास येतो म्हणतात. चालतो, पण आत काहीतरी कुजतंय असा संशय. मला राहवलं नाही. चारांचं एक केलं, सगळ्यांना दोन मिनिटं दिली आणि बसल्या जागेवरून चारही डब्यांत पाठवलं. पाऊण वाजता वहिनींना ऐटीत सांगितलं.

त्यांचा चेहराच उतरला. "भावजी, ते आकडे चौघांनी बसून ठरवलेत! मागल्या साली समद्या मोटरी एकदम उठल्या न् डीपी जळाला. आठ दिवस पाणी न्हाई. सगळी रोपं फेकली मी. आन् एक वाजता लाईट येती!"

मी लॅपटॉप ओढला. जुना प्रोग्रॅम परत पाठवला. तीन डब्यांनी घेतला. चौथा, बांधापलीकडच्या काकांचा, रेंजमध्येच येईना. म्हणजे काकांची मोटर दोन मिनिटांत उठणार, वहिनींच्या मोटरीबरोबरच, कारण दोनचा आकडा मुळात वहिनींचा. मला दुसरं काही सुचायच्या आत वहिनी आपली बंद करायला विहिरीकडे पळाल्या. लाईट पाच मिनिटं आधीच आली. त्या पोचायच्या आत डीपीवर फाटकन आवाज झाला.

फ्यूजच उडाला, डीपी वाचला. पण वायरमन येईपर्यंत भर उन्हात आम्ही दोघं टाकीतलं पाणी झारीने घालत होतो. तरी कडेच्या रोपांनी माना टाकल्या. 

नंतर रेंज मिळाल्यावर चौथ्या डब्यातही जुना कोड गेला. तो मी तसाच ठेवला, फक्त प्रत्येक आकड्यापुढे तो का आहे ते लिहिलं. खटकलं की मोडायचं नसतं, आधी विचारायचं असतं, हे इतकी वर्षं पगार घेऊन मला कळलं नव्हतं.

संध्याकाळी काका आले. "प्रोग्रॅमला हात कुणी लावला?"

मी लॅपटॉपचं झाकण मिटलं.

"मीच, काका. चुकलं माझं," वहिनी म्हणाल्या.

"तरी मी म्हणत व्हतो, बाईमाणसाच्या भरवशावर मोटर ठिवू नये. उद्या माझा डबा काढून न्या."

वहिनींनी 'बरं' म्हणून मान हलवली. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन तिथेच बसलो होतो.